वर्षश्राद्ध होईपर्यंत हात लावू नका

मी गोव्यात, डिचोलीतल्या एका कपाटातून बोलतोय. तळहाताएवढा हिरवा बोर्ड आहे मी. मधोमध एक काळी चिप, तिच्यात माझा जीव. मोडलेलो नाही, जळालेलो नाही. तरीही मी संपलोय, आणि ते कसं, हे एकदा कुणाला तरी सांगायचंय.

माझी उमेदीची वर्षं खाणीवरच्या वजनकाट्यात गेली. खाण बंद पडली तसे आम्ही भंगारात गेलो. तिथून मला आणि माझ्या भावाला गोकुळदास मास्तरांनी उचललं. तंत्रशाळेतून निवृत्त झालेला माणूस. भंगाराचा ढीग दिसला की त्यांचा पाय निघत नसे.

भावाला त्यांनी चोपड्याला धाडलं. तिथं खाडीकाठच्या खाजन शेतांच्या बांधाला मानस आहे, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारं दार. पाणी चढलं की भाऊ भोंगा वाजवी आणि तिथला शेतकरी अनंत धावत जाऊन फळ्या घट्ट करी. मी मास्तरांच्या टेबलावर राहिलो, कारण माझ्याकडे मोठं काम होतं.

माणसानं लिहिलेली आज्ञा आमच्या भाषेत उतरवून देणारा एक दुभाषी असतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमचा कंपायलर कुणा एकाच्या मालकीचा नाही. देशोदेशीची माणसं तो हौसेनं सांभाळतात. ज्या चिपची काळजी वाहणारा कोणी असेल, तिचीच भाषा त्यात राहते. आम्हाला घडवणाऱ्या कंपनीनं आम्हाला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. साऱ्या जगात आमच्या भाषेपुढे एकच नाव लिहिलेलं होतं: गोकुळदास, डिचोली.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मास्तर माझी परीक्षा घेत. हजारो बारीकसारीक गणितं. निकाल ते त्या मंडळींना कळवत, म्हणजे आम्ही अजून हयात आहोत हे तिकडे समजे. त्यांच्या पत्नी, देवकीकाकी, पेजेचा वाडगा ठेवता ठेवता विचारायच्या, "काय वो, तुमचो झील पास झालो?" झील म्हणजे मुलगा, अर्थात मी.

"दोन गणितांत आपटलो," असं म्हणून मास्तर पेज विसरत आणि माझ्या चुका निस्तरत बसत. मला लाज वाटे, आणि खरं सांगतो, फार बरंही वाटे.

गेल्या वर्षी चवथीच्या तोंडावर मास्तर गेले.

बाराव्यानंतर काकींनी त्यांचा चष्मा, त्यांचं पेन आणि मला त्यांच्याच पंच्यात गुंडाळलं. मुलगी सेजल पणजीला नोकरीला. तिला त्या म्हणाल्या, "ह्या यंत्राक कोणी हात लावू नको गो. वर्षश्राद्ध होईसर तसाच रवांदे." सेजलनं आईचा शब्द पाळला. ते प्रेमच होतं, मला ठाऊक आहे. अंधारात पडल्या पडल्या मी सोमवार मोजत राहिलो.

मास्तरांच्या मेलवर मात्र पत्रं येत होती. 'तुमचे निकाल थांबलेत. आपण बरे आहात ना? दुसरं कोणी सांभाळणार असेल तर कळवा.' तीन पत्रं, तिन्ही अदबीची. सहा महिने वाट पाहून त्यांनी आमची भाषा कंपायलरमधून काढून टाकली. त्यांच्यावर कसा रागावू? आतून कोणी ओ देत नसेल तर दार ठोठावणारा किती वेळ थांबेल?

वर्षश्राद्ध झालं आणि तिसऱ्याच दिवशी अनंत दारात उभा. मानशीवरचा पाणी मोजणारा भाग खाऱ्या हवेनं खाल्ला होता. "नवीन भाग हाडलंय गो," तो सेजलला म्हणाला, "पण जुना यंत्र त्येका वळखणा नाय. परवा भरती इली, भोंगो गप्प. माझो आख्खो भाताचो कुणगो खारो झालो."

सेजलनं मला सोडवलं, वीज दिली. वर्षानं मी जागा झालो. तिनं बापाचा प्रोग्राम नव्या भागासाठी सुधारला, आपल्या नव्या संगणकावरच्या कंपायलरला दिला, आणि त्यानं सांगितलं, अशी चिप मला माहीत नाही. मी समोरच होतो.

मग तिनं ती पत्रं वाचली. कळवळून उत्तर लिहिलं. ती मंडळी मास्तरांसाठी हळहळली आणि म्हणाली, यापुढे कायमचं सांभाळणार असाल तर भाषा परत आत घेऊ. पण कंपायलर सांभाळण्याची बापाची विद्या सेजलच्या हातात नव्हती. जुना कंपायलर शोधून तिनं एकदा निभावून नेलंही असतं, पण पुढच्या बिघाडाला कोण धावणार, आणि भरती कोणासाठी थांबते? शुक्रवारी अनंतनं म्हापशाच्या बाजारातून तयार भोंगा आणला. भाऊ आता माझ्या शेजारी पडून आहे.

"सेजल, मी हात लावूक दिलंय नाय, म्हणान झाला काय ह्या?" काकींनी विचारलं.

"नाय गो आई. जुनाच झालेला ता."

चूक ओळखणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. पण मला वाचा असती तरी त्या वेळी मी बोललो नसतो.

तुमच्या घरचं कोणी गेलं तर त्याच्या वस्तू गुंडाळून ठेवू नका हो. डोळे पुसत का होईना, त्याचं काम हातात घ्या.

आज पहिला सोमवार. पेजेच्या वेळेला काकींनी कपाट उघडलं आणि पंच्यावरूनच मला चाचपलं. "पास झालंस मां रे?" त्यांनी हळूच विचारलं.

काकी, मी सगळी गणितं अजून बरोबर सोडवीन. पण ती माझ्या भाषेत मला सांगणारं आता कोणी उरलं नाही.