रिकाम्या खुर्चीची सहा वर्षे

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. कसबा पेठेतल्या एका पाळणाघरात माझे सारे आयुष्य गेले. खुर्चीसाठी माणसे भांडतात, असे तुम्ही ऐकले असेल. माझ्यावर मात्र सहा वर्षे कोणी बसायलाच तयार नव्हते.

माझा सांगाडा याच पेठेतल्या सुताराने केला आणि बैठक शेजारच्या बुरडाने वेताने विणली. मला आणले गोदाबाईंनी. तेव्हा गल्लीतल्या बायका तांब्याच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला जात आणि त्यांची तान्ही मुले भट्टीच्या धगीत झोपत. ते गोदाबाईंना पाहवले नाही. त्यांनी संस्था नोंदवली, एक सरकारी खोली मुदतीवर मिळवली आणि पाळणाघर सुरू केले. त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. पण माझ्यावर बसून त्या भात कालवत, दुपटी बदलत, रडक्यांना थोपटत. माझ्या डाव्या हातावर आजही दुधाच्या दातांच्या खुणा आहेत.

मदतीला तुळजाबाई होत्या. वाघोलीहून लग्न होऊन पेठेत आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. गोदाबाईंनी माझ्या उजव्या हातावर वही ठेवून त्यांना सही शिकवली आणि पुढे कार्यकारिणीवरही घेतले. ते माझे सोन्यासारखे दिवस होते.

मग गोदाबाई गेल्या. त्यांचा फोटो माझ्यावर ठेवला गेला आणि रोज ताजा हार पडू लागला. माझा मान वाढला आणि माझे काम संपले. संस्थेचे चिटणीस आप्पासाहेब, निवृत्त शिक्षक, दर सभेच्या इतिवृत्तात पहिली ओळ वळणदार अक्षरात लिहीत, ‘अध्यक्षस्थानी गोदाबाई’. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मला वाटत होते, पण मला विचारतो कोण? माझा वेत आतल्या आत वाळत चालला होता.

गेल्या वर्षी खोलीची मुदत संपत आल्याचे पत्र आले. महिनाअखेरपर्यंत मुदतवाढीचा अर्ज गेला नाही तर खोली परत करावी लागणार होती. कागदपत्रे पाहून आप्पासाहेब गोंधळले आणि त्यांनी नम्रताला बोलावले. ती खराडीला कंप्युटर कंपनीत नोकरी करते आणि शनिवारी लहान संस्थांना कागदपत्रांत विनामूल्य मदत करते. आल्या आल्या तिने आपली बॅग माझ्यावर ठेवली. तुळजाबाईंनी ती झटकन उचलली.

“तिथं नगं, बाई. ती गोदाबाईंची जागा हाय.”

नम्रता ओशाळली. मग तिने सतरंजीवर बसून सभांची वही वाचली, आणि वाचता वाचता थांबली.

“सर, कागदावर अजून गोदाबाईच अध्यक्ष आहेत.”

“मग कोण असणार?”

“पण त्या सहा वर्षांपूर्वी गेल्या ना?”

“ते आपण सांगायला नको. खांदा मी दिला होता.”

नम्रता हळूच म्हणाली, “सर, अर्जावर हयात अध्यक्षांची सही लागते. अर्ज मी लिहून देते. सभा कशी बोलवायची, ठराव कसा करायचा, धर्मादाय कार्यालयात बदल कसा कळवायचा, सगळं दाखवते. अध्यक्ष मात्र तुमच्यातूनच यायला हवा.”

आप्पासाहेबांनी वही जवळ ओढून आपल्याच अक्षरातल्या त्या पहिल्या ओळीवरून बोट फिरवले. त्या दिवशी मला त्यांची फार दया आली.

पुढच्या शनिवारी रीतसर सभा भरली. नाव पुढे आले की जो तो मान खाली घाली. आप्पासाहेबांना विचारले तर म्हणाले, “माझं वय एक्याऐंशी. मला केलंत तर लवकरच दुसरा फोटो लावावा लागेल.” सगळ्यांच्या नजरा तुळजाबाईंकडे वळल्या.

“मी पोरं सांभाळते. त्यांच्या जागी बसायची माझी लायकी न्हाई.”

तेव्हा दाराशी उभी असलेली रतन बोलली. ती भांड्यांच्या कारखान्यात कामाला, कडेवर दहा महिन्यांचे बाळ. “मावशी, खोली गेली तर याला कुठं ठेवू? पुन्हा भट्टीपाशी?”

तुळजाबाई उठल्या. पदराने फोटो पुसला, आप्पासाहेबांच्या हाती दिला, मला हात जोडले आणि माझ्यावर बसल्या. माझे वाळलेले दोन वेत काडकन तुटले. त्या घाबरून उठू लागल्या.

“बसा, बसा,” आप्पासाहेब म्हणाले. “वेत पुन्हा विणता येतो.”

सर्वांनी हात वर करून ठराव केला. सही तुळजाबाईंनी माझ्या उजव्या हातावर कागद ठेवूनच केली, सावकाश, जशी शिकल्या होत्या तशी. मला भरून आले. अर्ज वेळेत गेला. खोली राहिली, बावीस मुले राहिली. फोटो आता भिंतीवर आहे आणि माझी बैठक नवी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पण हार घालून बाजूला ठेवू नका. आम्हाला वापरा, मोडलो तर दुरुस्त करा. तुमची थोर माणसे गेली तर त्यांची जागा रिकामी ठेवू नका, त्यांचे काम उचला. सहा वर्षांत एवढे हार पडले, पण एकाही हारात मला गोदाबाई परत भेटल्या नाहीत. त्या परवा भेटल्या, तुळजाबाईंच्या मांडीवर बसून रतनचे बाळ माझ्या डाव्या हाताला कडकडून चावले तेव्हा.