शिशाच्या पोटाचा डॉलर

मी एक जुना चांदीचा डॉलर आहे. म्हणजे, मित्रांनो, वरून चांदीचा. पोटात शिसं आहे. आधीच सांगून टाकतो. लपवून लपवून कंटाळा आलाय आता.

जन्मलो तेव्हा खरा होतो. मेक्सिकोत पाडलेला, एका अंगाला गरुड. चहा-रेशमाच्या व्यापारात जहाजातून चीनला गेलो. तिथे सराफ मला बोटावर तोलायचा, टिचकी मारून वाजवायचा, आणि पटलं तर आपला बारका ठसा माझ्या अंगावर ठोकायचा. ठसा म्हणजे त्याचा शब्द.

मग कँटनच्या एका गल्लीतल्या कारागिराच्या हाती सापडलो. त्याने बारीक करवतीने माझी एक बाजू पापडासारखी कापून काढली. आतली चांदी कोरून घेतली. पोकळीत तांब्याचे तुकडे टाकले, वरून शिसं ओतलं. नुसतं शिसं चांदीहून जड, नुसतं तांबं हलकं. दोन्ही मिळून वजन बरोब्बर जमलं. पापड परत झाळून बसवला, कडेचा सांधा दिसू नये म्हणून कानशीने तिथे नवे दाते पाडले. वर दोन खोटे ठसेही ठोकले. हात सफाईदार होता त्याचा, मानलं पाहिजे. फक्त माझा आवाज त्याला परत घालता आला नाही.

पुढच्याच सराफाने वाजवून मला बाजूला सारलं. मग जहाजाच्या कप्तानाने एका खलाशाच्या पगारात मला सरकवलं. तो खलाशी रत्नागिरीचा, दिलावर. गावी आल्यावर सोनाराकडे गेला. सोनार हसला. दिलावर घरी येऊन बायकोला म्हणाला, "हा विकायचा नाय हां. खानदानाची चांदी आहे."

आपण फसलो हे सांगायची त्याला लाज. तिथून मी खानदानी झालो.

घरात मूल झालं की त्याच्या पिण्याच्या पाण्यात मला उकळायचे. चांदीची ताकद बाळाला लागते म्हणून. पिढ्यान् पिढ्या हेच. प्रत्येक उकळीला वाटायचं, आज सांधा सुटेल. सुटला नाही. मी नुसता थकत गेलो.

आता मी कतारला आहे, अल वक्राच्या एका फ्लॅटमध्ये. दिलावरचा खापरपणतू इलियास रास लफानच्या गॅस प्रकल्पात कामाला आहे, पाइपांच्या वेल्डिंगमधल्या भेगा शोधायचं काम. त्याला मुलगा झाला, फुजैल. इलियासची आई अनीसा व्हिजिट व्हिसावर आली ती मला रुमालात बांधूनच.

फुजैल पाणी प्यायला लागला आणि मी रोज उकळायला लागलो. इथल्या एसीत गार, पातेल्यात गरम. एके दिवशी सांध्याला केसाएवढी फट पडली. मला कळलं. सांगणार कुणाला? नाण्याला एकच भाषा येते, पडल्यावर वाजायची.

आणि त्या सकाळी बिलकिसच्या, म्हणजे इलियासच्या बायकोच्या, ओल्या हातातून मी लादीवर पडलो. ठप्प.

"अम्मी, चांदी अशी वाजते?"

"काय गो, खानदानाच्या चांदीला नावं ठेवतेस? तुझ्या माहेरी होती काय एवढी तरी?"

"माहेरी नव्हती म्हणूनच विचारते." मग ती इलियासकडे वळली. तो ड्यूटीचे बूट चढवत होता. "लोकांच्या पाइपांच्या भेगा शोधता ना? घरातली पण बघा एकदा."

"बस खाली उभी आहे, बिलकिस."

"मग खिशात घाला. यल्ला, निघा!"

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याने मला धुतलं, लाल रंग फवारला, थांबला, रंग पुसला, वर पांढरी पावडर मारली. भेग असेल तिथून लाल रंग वर येतो, ही त्याची रोजची तपासणी. माझ्या कडेभोवती हळूहळू एक लाल वर्तुळ उगवलं. पूर्ण. इलियास तिथल्या स्टुलावर बसला. मग कानशीने फट उकरली, आत करडं, मऊ शिसं दिसलं.

घरी त्याने मला अनीसापुढे ठेवलं. "अम्मी, आत शिसं आहे. हे फुजैलच्या पोटात गेलं असेल."

अनीसाचा चेहरा उतरला. तरी म्हणाली, "कुणाला बोलू नको रे. दिलावर आजोबांचं नाव जाईल."

"मग उद्या डॉक्टरांना काय सांगू?" बिलकिसने विचारलं.

दवाखान्यात डॉक्टर रहमान यांनी फुजैलला तपासलं आणि विचारलं, "पानी में कुछ डालते हैं क्या?"

बिलकिस सासूकडे बघत राहिली. इलियासने तोंड उघडलं, पण तेवढ्यात अनीसाने पर्स उघडली. मला काढलं आणि टेबलावर टाकलं. ठप्प.

"ये डालती थी," ती म्हणाली. "मैं. अंदर सीसा है."

मित्रांनो, माझ्या अख्ख्या आयुष्यात माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

लगेच रक्त तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत त्या घरात कुणी धड जेवलं नाही. शिसं निघालं, पण थोडं. डॉक्टर म्हणाले, पाणी बंद केलंत ना, उतरेल. पुन्हा तपासू. त्याच संध्याकाळी अनीसाने रत्नागिरीला जावेला फोन लावला. "तुझ्या नातवंडांना पण हेच पाणी पाजलंय गो मी. त्यांचं रक्त तपासून घे. हसायचं तर हस मला, पण आधी तपास." पलीकडून कुणी हसलं नाही.

हल्ली मी इलियासच्या वर्कशॉपमध्ये असतो. नव्या पोरांना तो माझ्यावर भेग शोधायला शिकवतो. वरून बघून फसाल, म्हणतो. वाजवा.

मला घासून चमकवू नका, कपाटात जपूही नका. तुमच्या घरातही काहीतरी असेल, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, कुणी कधी न वाजवलेलं. मुलांच्या ओठी लावायच्या आधी एकदा लादीवर टाकून बघा. ठप्प आवाज आला, तर तो आपल्या माणसांना सांगा. दिलावरने तेवढं सांगितलं असतं ना, तर मी केव्हाच सुटलो असतो.