बादलीभर गोगलगायी

आबा धुळ्याला यायचे असले की आमच्या फ्रीजमधली अंडी सकीनाभाभींकडे मुक्कामाला जातात. ही पद्धत आमच्या लग्नाइतकीच, म्हणजे एकोणीस वर्षं जुनी आहे. भाभी समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात. हातात ट्रे घेऊन मी बेल वाजवली की त्या दार उघडून एवढंच विचारतात, "आबा आ रहे?" आबा गेले की अंडी परत येतात. आबांना यातलं काही माहीत नसतं, निदान त्यांनी कधी विचारलेलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील, चुडामण. पिंपळनेरजवळ आमचं सहा एकर रान आहे, ते अजून तेच बघतात. गळ्यात चाळीस वर्षांची तुळशीची माळ. कांदा नाही, लसूण नाही, ज्या फ्रीजमध्ये अंडं ठेवतात त्यातलं पाणीसुद्धा नाही. जीवहत्या तर नाहीच नाही. हातावर डास बसला की आबा फुंकर घालतात, तो डास उडतो आणि माझ्याकडे येतो.

यंदा श्रावण लागायच्या आधी ते डोळा दाखवायला आले आणि चार दिवस राहिले. अंडी सोमवारीच हलवली होती. पण फ्रीजच्या दारात, दह्याच्या सटाशेजारी एक बुटकी बाटली होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

बाटली मेघाची, म्हणजे माझ्या बायकोची. तिची धाकटी बहीण दीपमाला जळगावला असते. तिने फोनवर बायकांचा एक ग्रुप काढला आहे, कोरियातली सौंदर्यप्रसाधनं मागवायची आणि वाटून घ्यायची. दर महिन्याला जळगावहून पार्सल येतं. गेल्या दीड वर्षात आमच्या घरात आंबवलेलं तांदळाचं पाणी येऊन गेलं, कुठलासा कोरियन दवणा येऊन गेला, गाढविणीचं दूध आलं, मधमाशीचं विष आलं. मधमाशीच्या वेळी मी म्हटलं होतं, एवढं मागवायची गरज नव्हती, आबांच्या रानात पोळं आहे, तोंड पुढे करायचं काम. मेघा म्हणाली, "ते ऑथेंटिक नसतं." त्यानंतर काय येतंय ते मी विचारायचं सोडलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, हे या ठिकाणी सांगून ठेवलेलं बरं.

आबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाथरूमपासून सोफ्यापर्यंतच्या फरशीवर लाल ठिपके दिसले. त्यांच्या टाचांना भेगा आहेत हे मला माहीत होतं, पण कशा आहेत ते पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात तळ्याचा तळ फुटतो तशा.

"आबा, दाखवायचं की डॉक्टरला."

"डोळा दखाडा ना आज. एक दिवसमा एकच." मग थोडं थांबून म्हणाले, "सप्ताह येवाले लागना. औंदा अभिमन वीणा दुसराले देवान म्हनस."

म्हणजे हे होतं. गावात श्रावणात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला लागू द्यायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पुढचा माणूस येईपर्यंत आधीच्याने उभं राहायचं किंवा फेऱ्या घालायच्या, अनवाणी, देवळाच्या दगडी फरशीवर. सकाळचा पहारा सव्वीस वर्षं आबांचा आहे. गेल्या वर्षी फरशीवर रक्त दिसलं, तेव्हा भजनी मंडळाचा प्रमुख अभिमन सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, आते पुरं." आबा त्यावर काही बोलले नाहीत, आणि त्यानंतर वर्षभर दुसरं काही बोललेही नाहीत.

मेघा शाळेत शिकवायला गेली होती. मी फ्रीज उघडला. बाटलीवर कोरियन अक्षरं होती आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत घटकद्रव्यांची यादी. माझा चष्मा आतल्या खोलीत होता. चष्मा आणायला आत जाण्यापेक्षा मी बाटली तशीच उचलली. आत पारदर्शक, तार धरणारं काहीतरी होतं. आबांनी ते दोन बोटांवर घेतलं, वास घेतला. वास नव्हता. "शुद्ध शे," म्हणाले, आणि टाचेला चोळलं.

तीन दिवसांत भेगा मिटल्या. शुक्रवारी आबा पिंपळनेरच्या गाडीत बसले, तेव्हा बाटली त्यांच्या पिशवीत होती. मी स्वतः ठेवली होती.

त्याच संध्याकाळी अंडी परत आली आणि मेघा फ्रीजसमोर उभी राहिली.

"अहो, माझी स्नेल कुठे गेली?"

"काय गेलं?"

"स्नेल म्यूसिन. गोगलगायीचा चीक. इथे दह्याजवळ होता."

मी खाली बसलो आणि लगेच उठलो. "किती टक्के असतो त्यात चीक?"

"नव्वद."

"आणि उरलेले दहा?"

"तुम्हाला उरलेल्या दहाचं काय करायचंय?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग सोफ्याकडे पाहिलं, जिथे आबा पाय पुढे करून बसायचे. "अगंबाई," ती म्हणाली.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. वर्गात मी फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत चालत शिकवू लागलो. मुलांच्या माना टेनिस बघितल्यासारख्या हलत होत्या. एका पोरीने विचारलं, "सर, समीकरण बॅलन्स नाही झालं." मी म्हटलं, होईल. घरी आलो की फ्रीज उघडायचा, बंद करायचा. मेघा म्हणायची, "बसा हो एका जागी, माझं डोकं फिरतंय."

शनिवारी आबांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर फक्त टाच होती. "देख, योगेंद्र. धाकला पोऱ्यासारखी." रविवारी पुन्हा टाच, दुसरी. मागून भजनी मंडळाचे आवाज. "बठ्ठा लोक इचारतस, काय लाव. मी सांगं, मना आंडोर प्रोफेसर शे." आंडोर म्हणजे मुलगा, म्हणजे मी. वीणा पक्की झाली होती. अभिमनने स्वतः येऊन टाच बघितली होती, बोटाने दाबूनही.

सोमवारी आबा म्हणाले, "अभिमननी नात नाशिकथून येवानी शे बुधवारले. तिना फोन कोनतीबी भाषा वाची दाखाडस. बाटलीवर काय लिखेल शे ते ती सांगी." आवाजात अभिमान होता.

सप्ताह गुरुवारी बसणार होता.

"तुम्ही गप्प राहा," मेघा म्हणाली. "पायाला लावलंय, खाल्लं नाही. आणि ते मारत नाहीत त्यांना. दीपमालाला विचारा."

दीपमालाने जळगावहून आवाजी निरोप पाठवला. "जिजू, टेन्शन नका घेऊ. त्या गोगलगायींना ओल्या अंधाऱ्या खोलीत ठेवतात, जाळीवरनं हळूहळू फिरवतात, मंद गाणी लावतात म्हणे. चीक खाली जमा होतो. मग सोडून देतात. आपल्यापेक्षा सुखात आहेत." निरोप एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता आणि शेवटच्या मिनिटात पुढच्या पार्सलमध्ये रेड जिनसेंग हवं का, याची चौकशी होती.

गप्प राहिलो असतो. पण बुधवारी ती नात फोन धरणार होती, भजनी मंडळासमोर. आबांना ते अभिमनच्या ओट्यावर कळणार होतं. आबांनी माळ उतरवली असती, तिथल्या तिथे, आणि वीणेचं नाव पुन्हा घेतलं नसतं. मी मंगळवारी रजा टाकली.

धुळ्याच्या स्टँडवर गाडी रिकामी होती. तरी मी साक्रीपर्यंत उभा राहिलो. कंडक्टर दोनदा म्हणाला, "सर, बसा की." साक्रीपुढे बसलो, पण पाय हलत होते आणि शेजारच्या बाईने तिचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आबा रानात होते. सोयाबीनच्या सऱ्यांमध्ये ओली गोणपाटं अंथरलेली होती. पाचेक वर्षांपासून आमच्याकडे पावसाळ्यात गोगलगायी फार झाल्या आहेत, कोवळं पान ठेवत नाहीत. संध्याकाळ झाली की त्या ओल्या गोणपाटाखाली गोळा होतात. लोक त्यांच्यावर खडेमीठ टाकतात. आबा टाकत नाहीत. ते एकेक गोगलगाय उचलतात, बादलीत ठेवतात, बादली भरली की बांधावर जातात, "राम कृष्ण हरी" म्हणतात आणि पलीकडे शेजारच्या झुलालच्या रानात सोडून देतात.

मी गोणपाटाचं दुसरं टोक उचलून धरलं. आबांनी टाचा दाखवल्या. चिखलातही दिसत होत्या, गुळगुळीत.

"बाटली कुठंय, आबा?"

"देवघरमा."

"आबा, ते औषध नाही. बायका तोंडाला लावतात ते आहे." मी एका दमात म्हटलं. "त्यात गोगलगायीचा चीक आहे. मला माहीत नव्हतं. मी वाचलंच नाही."

आबांचा हात बादलीवर थांबला. बोटांत एक गोगलगाय होती. त्यांनी ती वळवून पाहिली.

"हाई? का दुसरी?"

"कोरियातली. जरा वेगळी असेल. पण गोगलगायच."

"मारतस का त्यास्ले?"

"नाही, नाही. मारत नाहीत." हे मी पाठच करून आलो होतो. "जाळीवर फिरवतात, चीक गोळा करतात. गाणी लावतात."

"गानं?" आबांना ते आवडलेलं दिसलं. "मंग आपलं भजन आयकतस आठल्या बी. भोंगा शे ना देऊळवर." आणि ते चक्क हसले. मी तिथेच सरीत निवांत बसलोसुद्धा, चार दिवसांत पहिल्यांदा. आबांनी हातातली गोगलगाय बादलीत ठेवली. "दूध काढतस तसंच ते. मंग? नंतर काय करतस?"

"नंतर सोडून देतात."

"कोठे सोडतस?"

सगळं विचारून आलो होतो. टक्केवारी, जाळी, खोलीतला अंधार, गाणी. कुठे सोडतात हे दीपमालाने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे पाहत नव्हते, बांधाकडे पाहत होते.

बांधापलीकडे झुलाल उभा होता. त्याच्या पायाशी मिठाची गोणी होती, तोंड उलगडून ठेवलेली. रोजच असते.

"ऊना का आबा?" झुलाल ओरडला. "टाका, टाका लवकर. माले दूध काढाले जानं शे."

आबा बादली घेऊन बांधावर गेले. मी मागोमाग. बादली भरलेली होती. काही काठावर चढत होत्या, आबा त्यांना बोटाने हलकेच आत ढकलत होते. बांधावर जाऊन ते उभे राहिले, पण "राम कृष्ण हरी" म्हणाले नाहीत.

"झुलाल," ते म्हणाले, "तू काय करस रे यास्नं?"

झुलालने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मिठाकडे, मग हसला. "काय आबा! पाच वरीस व्हयनात. आज इचारस?" त्याला वाटलं चेष्टा आहे. "तुम्हले माहीत नही का?"

"माले माहीत शे," आबा म्हणाले.

झुलालचं हसू तसंच राहिलं. त्याने गोणीतून मूठभर मीठ घेतलं, परत टाकलं.

आबा वळले. बादली ओतली नाही. बांधावरून विहिरीपर्यंत गेले, तिथून परत आले, पुन्हा गेले. एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं सरळ चालताना पाहिलं नव्हतं. एकही पाऊल दुखत नव्हतं. तिसऱ्या फेरीला माझ्याजवळ थांबले.

"अभिमनले फोन कर. सांग, वीणा दुसराले दे."

"आबा, चिकासाठी कशाला? ते मारत नाहीत—"

"चीकना करता नही," ते म्हणाले.

मला अंडी आठवली. सकीनाभाभींच्या फ्रीजमध्ये आज सकाळीच मी अंडी ठेवून आलो होतो. आबा येणार नव्हते, मीच त्यांच्याकडे चाललो होतो, तरी हाताने सवयीने ट्रे उचलला होता.

"ले, धर जरा," आबांनी बादली माझ्या हातात दिली. जड होती. "फेकू नको. मारू नको."

"मग ठेवू कुठे?"

"तेच त," आबा म्हणाले, आणि हात धुवायला विहिरीकडे गेले.

मी बांधावर बादली घेऊन उभा राहिलो. खाली ठेवली तर त्या सोयाबीनमध्ये उतरणार होत्या. पलीकडे टाकल्या तर झुलाल होता. एक काठावर चढली, तिला आत ढकललं, तेवढ्यात दुसरी चढली. बोटाला चीक लागला. गार होता, वास नव्हता.

"योगेंद्रभाऊ, टाक ना रे," झुलाल म्हणाला. यावेळी त्याचा आवाज बारीक होता.

मी चालायला लागलो, विहिरीपर्यंत आणि परत. देवळावर भोंगा सुरू झाला, परवाची तयारी म्हणून कोणीतरी आवाज तपासत होतं. आबा विहिरीवर बसून टाचा धूत होते, एक धुऊन झाली की दुसरी, मग पुन्हा पहिली. बादली घ्यायला दुसरं कोणी येतंय का ते बघत मी फेऱ्या घालत राहिलो.