भवानीआधीची गोळी

"रिपोर्टमध्ये काय नाय, आये. अल्सर नाय, सूज नाय. सगळं तुझ्या डोक्यात आहे," परेशने फाईल टेबलावर आपटली.

मंजुळाच्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षं छातीखाली जळत होतं. चार घास खाल्ले की पोट दगड व्हायचं. आणि हा पोटचा पोर तिलाच खोटं पाडत होता! त्याच्या मनातलं तिला कळत होतं. अंधेरीच्या बाजारातला तिचा मासळीचा ओटा त्याला मेव्हण्याला, हर्षदला द्यायचा होता.

"दुखतंय तर घरी बस. नाय दुखत तर कण्हू नको."

"महिनाभर थांब. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिलीय. गुण नाय आला तर दे ओटा कोणालापण."

पंधरा दिवस झाले, आग तशीच. मंजुळा तणतणत दवाखान्यात शिरली.

"ही गोळी का खडूचा तुकडा? जखम नाय, तर जळतं काय माझं?"

डॉक्टर नेत्रा शांतपणे म्हणाल्या, "जखम नसली तरी दुखणं खरंच असतं, मावशी. ही गोळी पोटातलं आम्ल कमी करते. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना आराम पडतो. घेता कधी?"

"तुम्हीच सांगितलं, उपाशीपोटी. भवानी होईस्तोवर मी पाणीपण पीत नाय. पहिलं गिऱ्हाईक झालं की गोळी, चहा, वडापाव, सगळं एकदम."

"आणि भवानी होते कधी?"

"कधी नऊ, कधी अकरा."

डॉक्टरांचाही आवाज चढला. "अहो, खाण्याआधी अर्धा तास घ्यायची! रोज ठरल्या वेळी, सकाळी. मग वेळेवर खायचं."

"भवानीआधी? माझ्या सासूने कधी थेंब घेतला नाय!"

"मग गोळीचा गुण सासूबाईंकडेच मागा."

मंजुळा पाय आपटत बाहेर पडली. तिला डॉक्टरीणबाईंचा राग आला, मेलेल्या सासूचा आला, आणि चाळीस वर्षं निमूट उपाशी बसलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला.

दुसऱ्या दिवशी ओटा मांडता मांडता तिने गोळी गिळली. अर्ध्या तासाने भाकरी खाल्ली. शेजारची शांताबाई किंचाळली, "अगो बाय, भवानी नाय झाली अजून! गिऱ्हाईक फिरकेल का?"

"नाय फिरकलं तर नाय फिरकलं. आग तुझ्या पोटात नाय ना?"

त्या दिवशी भवानीला साडेअकरा वाजले. मंजुळाने दात-ओठ खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशीही भवानीआधीच गोळी घेतली. तिसऱ्या दिवशीही.

महिना भरला तसा परेश हर्षदला घेऊन ओट्यावर हजर.

"काय आये, गेली आग?"

गेली म्हणणं सोपं होतं. पण आपल्याला खोटं पाडणाऱ्यापुढे ती खोटं बोलणार नव्हती.

"निम्मी गेली. निम्मी आहे. खरी होती म्हणून गेली, आणि खरी आहे म्हणून उरलीय. उरलेली घेऊन मी इथंच बसणार."

परेशने तोंड उघडलं.

"बाजूला हो," मंजुळा कडाडली. "गिऱ्हाईकाला पापलेट दिसत नाय."