वीज म्हणजे पाणी

चूक माझी होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी ‘अगं, तुला बिचारीला काय माहीत’ म्हणायला नको. मला माहीत होतं. माझा नवरा सोडला तर अख्ख्या इंग्लंडात फक्त मलाच माहीत होतं.

शनिवार, चार नोव्हेंबर दोन हजार सहा. दुपारचे तीन. ब्रिस्टलमधलं एक छोटं थिएटर, ऐंशी खुर्च्या, त्यातल्या सत्तरएक भरलेल्या. डाव्या विंगेत स्टुलावर मी, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. स्टेजवर एकटे हालमोशराव. वय वर्षं शहात्तर. लंडनजवळच्या स्लाऊ गावातले आमचे शेजारी, भिंतीला भिंत.

खरं नाव हालमोश झिग्मोंड. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं. शेजारी राहायला आलो तेव्हा मी रीतीप्रमाणे त्यांना ‘काका’ म्हटलं, तर म्हातारा दचकला आणि मग खोकला येईपर्यंत हसला. त्यांच्याकडे लहान मुलं शी करतात ना, तिला काका म्हणतात म्हणे! आता बोला. तेव्हापासून मी त्यांना हालमोशराव म्हणते. राव म्हणजे काय ते सांगितल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला होता.

माणूस नट होता, साधासुधा नाही. सेगेड नावाच्या गावातल्या नाटक कंपनीत चोविसाव्या वर्षी नायकाची कामं करायचा. छप्पन्न साली रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, चार नोव्हेंबरलाच, आणि पुढच्या पंधरा दिवसांत हे एका बुटावर सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात आले. तिथून इंग्लंड. इंग्लिशचा एक शब्द येत नव्हता. ज्याचं पोट शब्दांवर, त्याचे शब्दच गेले! तीन वर्षं बिस्किटांच्या फॅक्टरीत काढली, रेडिओ ऐकून भाषा शिकले, मग सिनेमात आणि टीव्हीवर शिरले. कामं कसली? टोपी घातली की जर्मन, टोपी काढली की रशियन. चार वाक्यं बोलायची आणि मरायचं. “चाळीस वर्षांत एकोणसाठ वेळा मेलो, वैजयंती,” ते म्हणायचे. “पण हंगेरियन माणसाचं काम मला एकदाही कुणी दिलं नाही.”

म्हणून त्यांनी ते स्वतःच लिहिलं. एक तासाचं, एकट्याचं, स्वतःच्याच आयुष्यावर. इंग्लिशमध्ये. बरोबर पन्नासाव्या वर्षी, त्याच तारखेला करायचं ठरवलं.

आणि घोडं पेंड खात होतं ते पाठांतरात. त्यांना विसरायला व्हायचं. गॅस दोनदा चालू राहिला, एकदा आमच्याच दारात उभं राहून मला माझं नाव विचारलं. त्यांची मुलगी अ‍ॅग्नेस ब्रिस्टलला विमानांच्या कंपनीत इंजिनीअर. कडक बाई. म्हाताऱ्यांच्या एका होमचा फॉर्म तिने आणूनच ठेवला होता. शेवटी बापलेकीत सौदा झाला, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. प्रयोग न अडखळता पार पडला तर ती होमचं नाव काढणार नाही, हालमोशराव आपल्या घरात राहतील. मध्येच थांबले, तर सोमवारी सामान बांधायचं. दोघांनी हात मिळवले. मी म्हटलं, “अहो, बापाची काय परीक्षा घेता?” तर दोघांनीही मलाच गप्प केलं.

मग प्रॉम्प्टिंग माझ्याकडे येणारच होतं. नाशिकला बँकेत होते तेव्हा नाट्यस्पर्धेत अकरा वर्षं मी विंगेतून प्रॉम्प्टिंग केलंय. आमचे दिग्दर्शक चंद्रशेखर दातार सर एकच गोष्ट सांगायचे, “प्रॉम्प्टर दिसला की नाटक मेलं.” अकरा वर्षांत मी कुणाला दिसले नाही. साडीचा पदरसुद्धा नाही.

ऑगस्टपासून आमच्या फ्रंट रूममध्ये तालमी सुरू झाल्या. तेव्हा एक नवीनच भानगड कळली. वाक्य आठवलं नाही की हालमोशराव गप्प बसायचे नाहीत, सरळ हंगेरियनमध्ये शिरायचे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. आता ते कुठे पोचलेत हे मला कसं कळावं? मग मी वहीच्या मागच्या पानावर त्यांचे नेहमीचे हंगेरियन शब्द उतरवून घेतले. देवनागरीत, ऐकू येतील तसे, पुढे मराठी अर्थ. त्यांचं स्पेलिंग मला वाचता येत नाही, आणि आपल्या लिपीत जे लिहू तेच ऐकू येतं.

यादीतला पहिला शब्द होता, ‘वीज = पाणी’.

त्याची गंमत आधीच झालेली होती. जानेवारीत एकदा संध्याकाळी चार-साडेचारला आमच्या प्रीपे मीटरमधले पैसे संपले आणि घरात काळोख झाला. मी ओरडले, “अगं बाई, वीज गेली!” हालमोशराव चहाला बसले होते. ते चाचपडत किचनमध्ये गेले आणि मला पाण्याचा ग्लास आणून दिला. त्यांच्या भाषेत पाण्याला वीजच म्हणतात, उच्चार थेट आपलाच. रवी, माझा नवरा, हसून हसून सोफ्यावरून घसरला. त्या दिवसापासून हालमोशराव आमच्या घरात दिव्याला वीज म्हणायला लागले. वाचायला बसले की हाक यायची, “वैजयंती, वीज!” की मी लॅम्प लावायचा. पाणी हवं असलं की मात्र ऐटीत ‘पाणी’ म्हणायचे.

हे सगळं मला माहीत होतं. लक्षात ठेवा.

तर प्रयोग. पहिली चाळीस मिनिटं मी फक्त दोनदा शब्द दिला, दोन्ही वेळा त्यांनी तो असा उचलला की समोरच्याला वाटावं मुद्दामच थांबलेत. तिसऱ्या रांगेत अ‍ॅग्नेस, तिच्या शेजारी रवी. तिच्या मांडीवर हातांची घट्ट मूठ. मला ती फटीतून दिसत होती. वीस मिनिटं, देवा. फक्त वीस मिनिटं काढ.

कालव्याचा प्रसंग आला. सरहद्दीवरचा कालवा, वर पातळ बर्फ, मागे कुत्री. हालमोशराव स्टेजच्या मधोमध आले आणि थांबले.

मी मनात तीन आकडे मोजले. मग शब्द दिला, “बर्फ पातळ होता.” त्यांनी उचलला नाही. पुन्हा दिला. नाही. त्यांनी डोकं जरासं हलवलं, उजवा हात अर्धवट वर केला. कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. अ‍ॅग्नेस पुढे सरकली.

“वीज,” हालमोशराव म्हणाले.

पुन्हा म्हणाले, मोठ्याने, “वीज!”

संपलं, मी म्हटलं. इंग्लिश गेली, गडी हंगेरियनमध्ये शिरला. मी मागचं पान उघडलं, बॅटरी मारली. पहिलीच ओळ. वीज बरोबर पाणी. घसा कोरडा पडलाय, पाणी मागतायत. माझ्या स्टुलाशेजारी पाण्याचा ग्लास होताच. रवी विंगेकडे बघत होता, अ‍ॅग्नेस उठायच्या बेतात होती. शेंडी तुटो की पारंबी, म्हटलं, आणि अकरा वर्षांचं व्रत मोडून मी ग्लास घेऊन स्टेजवर गेले. अंगात कार्डिगन, कपाळावर चढवलेला चष्मा, पायात रवीचे जाड मोजे, चालताना आवाज नको म्हणून.

माझी चाहूल लागून त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला. मी ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मला वाटलं, नखरे! मी तो त्यांच्या हातात कोंबला. त्यांची बोटं ग्लासवरून माझ्या मनगटावर आली आणि घट्ट बसली.

“बर्फ पातळ होता,” मी ओठ न हलवता म्हटलं.

“बर्फ पातळ होता,” ते म्हणाले, आणि आवाज असा लागला की मागच्या रांगेपर्यंत शहारा जावा. “तिथे मला एक बाई भेटली. तिने मला पाणी दिलं.”

कुठली बाई? स्क्रिप्टमध्ये बाई नव्हती! मी हात सोडवायला गेले. “सोडा,” मी पुटपुटले, “अहो, सोडा ना, लोक बघतायत.” सोडेनात. म्हातारा, पण पकड लोखंडाची.

“ती पुढे चालली,” ते लोकांना सांगत होते, “मी तिच्या मागे. मला काहीच दिसत नव्हतं. तिचा हात सोडला असता तर मी कालव्यात गेलो असतो.”

मग काय, चालले मी. संतापाने कानशिलं तापली होती. सत्तर माणसांसमोर, मोजे घालून, मी त्यांना स्टेजभर फिरवलं, दहा मिनिटं, सरहद्दीपर्यंत. त्यांनी एक शब्द चुकवला नाही. शेवटी ते गुडघ्यावर बसले, ऑस्ट्रियाची माती हातात घेतल्यासारखं केलं, आणि दिवे गेले. टाळ्या थांबेनात. नमस्काराला त्यांना उभं करताना अ‍ॅग्नेस मला दिसली. उभी राहून रडत होती.

जिंकला, मी म्हटलं. लबाड म्हातारा जिंकला.

विंगेत आल्यावर मी त्यांच्यावर तुटूनच पडणार होते. पण तेच आधी बोलले, अगदी हळू. “वैजयंती, वीज कधी येणार?”

माझ्या डोक्यावर उघडा बल्ब जळत होता.

“मी वीज मागितली,” ते म्हणाले, “तू पाणी आणलंस.” आणि थोडंसं हसले. “लाइट्स कुणी घालवले? आणि लोक अंधारात बसून राहिले, बघ. चांगला प्रेक्षक आहे.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. माणूस माझ्याशी मराठी बोलला होता! आमच्या घरातलं, मीच शिकवलेलं मराठी. आणि मी, नाशिकची वैजयंती, वही उघडून ते हंगेरियन समजले. उंटावरची शहाणी!

माझ्या हलत्या हाताच्या वाऱ्यावरून त्यांना कळलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, खालचं सगळं उतरलं. “अंधार फक्त मलाच आहे का?”

“हो.”

“आगीला सांगू नकोस.” अ‍ॅग्नेसला ते आगी म्हणतात. माझा हात त्यांनी पुन्हा चाचपून धरला. “मी थांबलो नाही. तिने शब्द दिलाय. उद्या सांगू, वैजयंती. आज घरी जाऊ दे. मला माझ्या घरी जाऊ दे.”

“अहो, हा झटका असेल! अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला हवी, आत्ता.”

“उद्या.”

तेवढ्यात अ‍ॅग्नेस आलीच. ती कडक बाई बापाच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. “मी चुकले, पपा,” म्हणाली. “होमचं नाव पुन्हा काढणार नाही. तुम्ही तुमच्या घरी राहा. हवं तेवढं राहा.” हालमोशराव तिच्या पाठीवर थोपटत होते आणि तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघून हसत होते. इतकं अप्रतिम काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. रवी मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता, वेडा.

मी बोलले असते तर ती चहाडी झाली असती. नसते बोलले तर? दातार सर आणखी एक सांगायचे. नटाचं वाक्य प्रॉम्प्टरने म्हणायचं नाही, फक्त द्यायचं, म्हणायचं त्यानेच.

मी हालमोशरावांच्या मागे गेले. तालमीत उभी राहायची तशी, उजव्या कानाशी. आणि प्रॉम्प्टिंगच्या आवाजात शब्द दिला. “आगी, मला दिसत नाहीये.”

त्यांची पाठ ताठ झाली. उचललं नाही.

दुसऱ्यांदा अख्खं वाक्य द्यायचं नसतं, फक्त पहिला शब्द. “आगी...” मी म्हटलं. माझाच आवाज फुटला.

अ‍ॅग्नेसने मान वर केली. “काय म्हणतायत वैजयंती?”

या वेळी मी आकडे मोजले नाहीत. मग हालमोशरावांनी हात पुढे केला, मुलीचा गाल शोधायला, आणि तो आधी तिच्या कानावर गेला.

“आगी,” ते म्हणाले, “मला दिसत नाहीये.”

अ‍ॅम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. झटकाच होता. दहा मिनिटं आधी आणलं असतं तर फरक पडला असता का, हे डॉक्टरांना मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर रडून मोकळी झाले असते. ही ‘सांगता येत नाही’ची जी टोचणी आहे, ती जात नाही.

हालमोशराव आता त्याच होममध्ये आहेत, ब्रिस्टलजवळ. उजव्या डोळ्याच्या कडेने थोडं दिसतं. महिन्यातून दोनदा आम्ही जातो, रवी गाडी चालवतो. सामान बांधायला मीच गेले होते, त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. धरणारच. मीही धरला असता.

परवा गेले तर खुर्चीत बसले होते, पडदे ओढलेले. माझी पावलं ओळखून म्हणाले, “वैजयंती, वीज.”

आता मी वही उघडत नाही. आधी दिवा लावते, मग पाणी देते.