बाकावरची झोप

"अहो, ऐका ना," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"हं," भट्टीवाले काका म्हणाले.

तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात, धाड! खिडकीशेजारच्या भिंतीवर काहीतरी आदळलं.

काका ताडकन उठून बसले. पलंगाची कडा रिकामी होती. पडद्याच्या फटीतून दुपारच्या उन्हाची पट्टी चादरीवर पडली होती, आणि खाली गल्लीत पोरींचा गलका चालू होता.

"झालं! केलं झोपेचं खोबरं!" काका म्हणाले. त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

आता एवढ्याशा झोपेसाठी एवढं काय, असं कोणीही म्हणेल. पण त्यामागची हकिगत तशी होती. काका बेकरीत भट्टीवर कामाला होते. जग झोपतं तेव्हा हे पाव भाजणार, आणि जग तो पाव खाऊन कामाला लागलं की हे घरी येऊन आडवे होणार. बायको चष्म्याच्या दुकानात. दुपारच्या सुट्टीत ती घरी यायची, चार घास खायची आणि पलंगाच्या कडेला बसून बोलायची. तोवर काकांचे डोळे मिटलेले असायचे. "अहो, ऐका ना," अशी तिची सुरुवात असायची. मग एका म्हाताऱ्याने दुकानातल्या सगळ्या फ्रेमी नाकावर चढवून कशा बघितल्या आणि शेवटी आपलीच जुनी घालून कसा गेला, हे सगळं साग्रसंगीत. काका मधूनमधून "हं" म्हणायचे. घरात तिसरं कोणी नव्हतं. त्यांचा सगळा संसार असा अर्धा झोपेत, अर्धा जागेपणी झाला.

"नुसतं हं हं काय करता?" ती कधीतरी चिडायची. "एकदा तरी 'मग?' म्हणा की. सांगणाऱ्याला बरं वाटतं."

"हं," काका म्हणायचे आणि घोरायला लागायचे.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घर गप्प झालं. काही महिने काकांना धड झोप लागली नाही, आणि मग एका दुपारी जराशी लागली तर ती आली. तीच जागा, तोच चष्मा, तेच "अहो, ऐका ना". मात्र त्यापुढे गाडी कधी सरकलीच नाही. कधी भंगारवाला ओरडायचा, कधी शेजारणीचा कुकर शिट्टी मारायचा, आणि आता ह्या पोरींचा चेंडू. ती काय सांगणार होती, एवढं काकांना एकदा ऐकायचं होतं. एकदाच. त्या एका वाक्यासाठी ते रोज घरी येत होते, नाहीतर बेकरीतल्या पोत्यांवर पडून राहिले असते तरी त्यांना काही फरक पडला नसता.

ते बनियनवरच खाली उतरले आणि चेंडू उचलून काखेत मारला.

"कोणी मारला?"

"मुंगीने!" सगळ्या पोरींनी एका सुरात सांगितलं.

मुंगी म्हणजे त्यातली सगळ्यात लहान. हातमोजे तिच्या कोपरापर्यंत येत होते. "मी नाही हो मारला! मी अडवायला गेले होते."

"अडवला असतास तर माझ्या भिंतीवर आला असता का? आणि एवढं शाळेचं मैदान पडलंय, तिथे जायला काय झालं?"

उत्तर द्यायला कमरेवर हात ठेवून एक उंच पोरगी पुढे आली. तिला सगळ्या फौजदार म्हणत, आणि ते नाव तिला शोभतही होतं. "आमच्या खेळाच्या बाई दुसऱ्या शाळेत गेल्या. आता मोठ्या बाई म्हणतात, बरोबर मोठं माणूस असल्याशिवाय मैदानाचं कुलूप निघणार नाही."

"मग आणा एखादं मोठं माणूस."

"मोठी माणसं दिवसा कामावर असतात काका. बिनकामाचे तुम्हीच एकटे सापडलात."

"बिनकामाचा? अगं, सकाळी खाल्लास तो पाव काय आभाळातून पडला?" काका भडकले खरे, पण भडकता भडकता त्यांच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. मैदान ऐसपैस. तिथे भंगारवाला नाही, कुकर नाही. कडेला झाडाखाली लांबलचक बाक आहे.

"मी येतो," ते म्हणाले. "पण मी झोपणार. मला उठवायचं नाही. घर पेटलं तरी नाही."

"मैदानात घर नाहीये काका," मुंगी म्हणाली.

अशा रीतीने भट्टीवाले काका मुलींच्या फुटबॉल संघाचे कोच झाले. फुटबॉलमधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. मोठ्या बाईंच्या रजिस्टरात सही करायची, बाकावर उशी टाकायची आणि ताणून द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण बाकावर आडवं होऊन हाकणारा हा पहिलाच, असं शाळेचा शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

आणि ती तिथेही आली. पहिल्याच दुपारी आली आणि काकांच्या पायाशी, बाकाच्या टोकाला बसली. वरून पानांची सावली हलत होती, तिच्या चष्म्याच्या काचांवरही हलत होती.

"बरं आहे हो इथे," ती म्हणाली. "गार वाटतं."

काकांनी श्वास रोखून धरला. "तू काहीतरी सांगत होतीस ना?"

"सांगते. आधी त्या डावीकडच्या पोरीकडे बघा. पाय ओढत पळतेय ती. बूट लागतोय तिला."

काकांनी डोळे उघडले. मैदान उन्हात तरंगत होतं. "ए, डावीकडची!" ते झोपाळू आवाजात ओरडले. "इकडे ये. बूट काढ बघू."

टाचेला चांगला टपोरा फोड आला होता. पोरी आ वासून बघत राहिल्या.

"तुम्ही तर झोपला होता!" फौजदार म्हणाली.

"मग? झोपलेल्या माणसाला काय कान नसतात?"

तेही खोटं नव्हतं. आयुष्यभर भट्टीपाशी डुलक्या काढलेला माणूस तो. कडेचा पाव करपायच्या आत त्यांचे डोळे आपोआप उघडायचे. आता पावांच्या जागी पावलं आली होती, इतकंच. काका स्वतःचीही हीच समजूत घालायचे, पण ती त्यांना फारशी पटायची नाही, कारण बाकाच्या टोकाशी कोण बसून होतं ते त्यांना माहीत होतं.

पुढे हे रोजचंच झालं. ती यायची, मैदानाकडे बघायची आणि बोलायची. ती उंच पोरगी सगळ्यांवर ओरडते, पण स्वतः चेंडू कोणाला देत नाही. त्या दोघींचं भांडण झालंय, त्यांना शेजारी ठेवू नका. काका उठून तेवढं सांगायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. पोरींना वाटायचं, काकांना सिद्धीच आहे काहीतरी. दुसऱ्या शाळांशी होणाऱ्या मॅच त्या जिंकायलाही लागल्या. काका भट्टीवर उभे असले की मनातल्या मनात पोरींच्या जागा बदलून बघायचे, आणि एकदा तर त्या नादात चक्क शीळ घालत होते. बेकरीच्या मालकाने पीठ मळणाऱ्याला कोपराने ढोसून ते दाखवलं.

"आणि ते तुझं सांगायचं राहिलंच," काका तिला आठवण करायचे.

"सांगते हो. पळून का चाललंय ते?"

एके दिवशी ती बराच वेळ गोलकडे बघत बसली. मुंगी तिथे वाकून उभी होती. "अहो, ही पोरगी डोळे बारीक करून बघते," ती म्हणाली. "चेंडू पार जवळ आल्यावर उडी मारते. तिला लांबचं दिसत नाही."

काका उठले. मुंगीला त्यांनी बाकापाशी बोलावलं आणि शाळेच्या फाटकावरची पाटी वाचायला सांगितली.

"कुठली पाटी?" मुंगी म्हणाली.

मुंगीच्या आईला विचारून दुसऱ्या दिवशी काका तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन निघाले. बायको गेल्यापासून त्या रस्त्यालाही ते फिरकले नव्हते. दुकानाची पायरी आली आणि ते खालीच थांबले. आत काचेच्या कपाटापाशी तिचं उंच स्टूल होतं, जिथल्या तिथे.

"काका, हेच ना?" मुंगीने त्यांचा हात ओढला. "चला की. मला एकटीला भीती वाटते."

मग काय करता? गेले आत.

दुकानदाराने काकांना बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. "या," एवढंच तो म्हणाला. मुंगीला त्याने त्या उंच स्टुलावरच बसवलं, कारण दुसरं स्टूल नव्हतं. डोळे तपासून झाले, फ्रेम निवडून झाली. दोन दिवसांनी चष्मा घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने खणातून एक निळी इलॅस्टिकची दोरी काढली. "ही वहिनींची. मान खाली घालून काम करताना चष्मा घसरायचा त्यांचा. खेळताना हिला उपयोगी पडेल."

काकांनी ती दोरी स्वतःच्या हाताने मुंगीच्या चष्म्याला बांधली. मुंगीने डोळे मोठे करून इकडेतिकडे बघितलं आणि मग काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काका, तुमच्या भुवयांत पीठ आहे."

काका हसले, आणि हसता हसता त्यांना इतकं रडू आलं की दुकानदाराला पाण्याचा पेला आणावा लागला.

शेवटची मॅच मोठ्या शाळेशी होती. त्यांच्याकडे शिट्टीवाला कोच होता, एकसारखे मोजे होते. मध्यंतरापर्यंत मुंगीच्या संघावर एक गोल चढला. घामाघूम पोरी बाकाभोवती गोळा झाल्या. काका सकाळपासून टक्क जागे होते, काळजीने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"काका, झोपा ना!" फौजदार काकुळतीला येऊन म्हणाली. "तुम्ही जागे आहात म्हणून हे असं होतंय. तुम्ही झोपता तेव्हाच आम्ही जिंकतो."

"अगं, अशी बटण दाबल्यासारखी येते का झोप?"

"पडून तरी राहा!"

पोरींच्या समाधानासाठी काका पडले. शिट्टी वाजली, पावलं लांब गेली. वर पानं हलत होती. रात्रभराची भट्टी होती अंगात. कधी डोळा लागला ते कळलंच नाही.

"अहो, ऐका ना," ती म्हणाली.

आज ती मैदानाकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सगळं कसं शांत होतं. भंगारवाला नाही, कुकर नाही, चेंडू पार त्या टोकाला. तिने तोंड उघडलं. आज ती सांगणार होती, काकांना ते स्पष्ट कळलं.

"काका!"

हाक लांबून आली, बारीक, रडवेली. मुंगीची होती.

कूस बदलली असती तर ती हाक बुडून गेली असती. झोपेत राहायचं कसं, हे काकांना जन्माचं माहीत होतं. आणि ती समोर बसली होती, एवढ्या जवळ. एवढंच तर मागितलं होतं त्यांनी.

"थांब हं जरा," काका तिला म्हणाले. "पोरगी बोलावतेय."

ती हसली. "जा," म्हणाली. "मला ऐकू आलंय."

आणि आज पहिल्यांदा तिचं वाक्य मागे टाकून, आपण होऊन काकांनी डोळे उघडले.

मुंगी समोर उभी होती. चेंडू लागून निळी दोरी तुटली होती, चष्मा हातात होता. "दिसत नाही काका. रेफरी म्हणतात, लवकर ये नाहीतर दुसरीला उभं करा."

काकांच्या खिशात पावाच्या पुड्या बांधायचा दोरा असायचाच. त्यांनी तो दुहेरी केला, चष्म्याच्या काड्यांना गाठी मारल्या, तिच्या डोक्यामागे घट्ट बांधला. गाठी पक्क्या बसल्या.

"दिसतंय?"

"दिसतंय!" ती पळाली.

काका परत आडवे झाले नाहीत. बाकासमोर उभे राहून त्यांनी उरलेली मॅच उघड्या डोळ्यांनी बघितली. पोरी हरल्या. पण जेवढ्याने हरत होत्या तेवढ्यानेच हरल्या. मुंगीने त्यानंतर एकही चेंडू आत जाऊ दिला नाही, आणि शेवटचा तर तिने असा काही झेप घेऊन अडवला की शिट्टीवाला कोचही "वा!" म्हणून गेला.

मैदान रिकामं झालं. फौजदार रडून, मग सगळ्यांना दम देऊन घरी गेली. काका बाकावर बसून राहिले. बाकाच्या टोकाची जागा रिकामी होती. आता ती पुन्हा येईल की नाही, त्यांना काही सांगता येत नव्हतं. ते वाक्य गेलं होतं, आपल्याच हाताने त्यांनी ते जाऊ दिलं होतं.

तेवढ्यात मुंगी आली, त्या रिकाम्या जागेवर धप्पकन बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"काका, ऐका ना," ती म्हणाली.

उशी गुंडाळणारे काकांचे हात थांबले.

"बोल."

"तो शेवटचा चेंडू होता ना, तो मला आधी डावीकडे येतोय असं वाटलं. खरंच वाटलं. आणि मग ती पोरगी माझ्याकडे बघून थोडीशी हसली."

पानांची सावली तिच्या चष्म्यावर हलत होती. काका तिच्याकडे वळून बसले. त्यांच्या डोळ्यांत झोपेचा मागमूसही नव्हता.

"मग?" त्यांनी विचारलं.