चिकाचा डाग

मी एक जुना कोयता आहे. यावलच्या लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून घडवलं आणि माझा जन्म केळीच्या बागेत गेला. मित्रांनो, केळीचा चीक लागला की काळा डाग पडतो, तो निघत नाही. रक्त मात्र पाण्याने धुऊन जातं. दोन्ही मी प्यालो आहे, म्हणून सांगतो.

माझा धनी भाईदास एका घावात घड उतरवायचा. तो तापाने गेला आणि बाग त्याच्या बायकोच्या, कामिनीच्या नावावर लागली. आमच्याकडची रीत मोठी गमतीची. बाईच्या डोक्यावर भरलेला घड चालतो, हातात कोयता चालत नाही! कामिनीने मला उचललं आणि पहिल्याच घावाला मी तिच्या नडगीवर उतरलो. बांधावरची मंडळी हसली. सासू सुगंधाबाई कडाडली, "ठेव तो कोयता! घराची शोभा करू राह्यली!"

कामिनीने नडगीला चिंधी बांधली आणि दुसरा घड उतरवला. पुढे गावातल्या बायका तिच्याकडे कापणी शिकायला येऊ लागल्या. हे तिच्या दिराला, योगराजला झोंबलं. वहिनी कंटाळून माहेरी जाईल, बाग आपल्याला मिळेल, असा त्याचा हिशेब होता.

घड भरले, व्यापाऱ्याची गाडी ठरली. त्याच दुपारी योगराजने मला खोपीतून ओढलं. मित्रांनो, मला हात निवडता येत नाही. मी सपासप चाललो. उभी झाडं घडांसकट कोसळली. कामिनी धावत आली, मागोमाग सुगंधाबाई.

"भाऊजी, थांबा!"

"जाय आता माहेरी! आता काय कापशीन?"

तिने त्याचं मनगट धरलं. त्याने तिला लाथेने पाडलं आणि मला तिच्या मानेवर उगारलं. मध्ये आला तो सुगंधाबाईचा हात. मी हाडापर्यंत रुतलो. आईचं रक्त पाहून योगराज मला टाकून पळाला.

ठाण्यात मी टेबलावर पडलो होतो. म्हातारी हात बांधून आली. गावातले शहाणे कानाशी लागले, "अक्का, पाय घसरला म्हना. घरातली गोष्ट हाये."

"घसरला नाही. माह्या पोरानं कापलं. लिहा, साहेब."

मग मी मुद्देमालाच्या खोलीत गंजलो. खटला संपून कोर्टाने मला सोडलं तेव्हा कामिनीच न्यायला आली. बागेत पाहतो तर काय! योगराजने जन्मात केळीची निगा राखली नव्हती. खोड कापलं तरी जमिनीतला कंद जगतो, बुडाशी पिलं फुटतात, हे त्याला कुठून ठाऊक? त्याच बुडांवर नवे घड लोंबत होते. सुगंधाबाईने वाकड्या बोटांनी मला धार लावून सुनेपुढे धरलं. "घे व पोरी. नडगी सांभाळ."

मित्रांनो, काम झालं की मला धुवा, तेल लावा. पण माझ्या धारेपेक्षा मला धरणाऱ्या मुठीकडे जास्त लक्ष ठेवा. त्या दुपारचं रक्त केव्हाच धुऊन गेलं. कामिनीच्या बोटांवरचा चीक अजून काळा आहे, आणि तो डाग तिने लपवलेला मी पाहिला नाही.